उतारा आणि उत्तर

'खालील उतारा वाचा व प्रश्नांची उत्तरे द्या' ही सूचना आपण सर्वांनीच कधी ना कधी पाळलेली आहे. तिची उजळणी म्हणून एक छोटासा उतारा आम्ही येथे देत आहोत : 'काल दुपारी टिंबळा गरवात फुलकला. तेथे त्याने तीन मेंदुळ्या चापल्या आणि सांजेला त्या खडव्याला वेळवल्या.' आता प्रश्न. टिंबळा कोठे फुलकला? त्याने किती मेंदुळ्या चापल्या? त्या त्याने कोणाला वेळवल्या?

वाचकांनी तिन्ही उत्तरे मनातल्या मनात दिली असतील आणि ती अचूकही असतील. परीक्षकाला तीनपैकी तीन गुण द्यावेच लागतील. मात्र टिंबळा हा माणूस की पक्षी, मेंदुळ्या खायच्या की पांघरायच्या, वेळवणे हे पुण्य की पाप, यांतले काहीही आपल्याला कळलेले नाही. कळणार तरी कसे? हे शब्द आम्हीच आत्ता रचले आहेत. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या शेजारचा शब्द उचलायचा आणि उत्तर म्हणून पुढे करायचा, एवढेच आपण केले.

मराठी माध्यमातून दहावीच्या इंग्रजीच्या पेपरला बसणारी कितीतरी मुले नेमके हेच करतात, आणि उत्तीर्ण होतात. आम्हीही त्यांतलेच. त्यांना हसण्याचा आमचा हेतू नाही. हे कसब आले कोठून आणि त्यापायी काय मागे पडले, हे आम्हांला पाहायचे आहे. त्यासाठी आम्ही बुलढाणा जिल्हा निवडला आहे. परकीय भाषेतील मजकूर समजून घेणे म्हणजे काय, या प्रश्नाचा तेथील इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याच्या आरंभालाच एक असामान्य वाचक उभी आहे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि हा मुलूख 'हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे' अशा अवघड सरकारी नावाने ओळखला जाऊ लागला. मालक निजाम, कारभारी इंग्रज, रयत मराठी, अशी ही तिहेरी व्यवस्था होती. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी, आणि कापसाबरोबर पावत्या, करार, तारा हा सगळा इंग्रजी कागदही आला. रयतेचा अर्ज मराठीत आणि वरच्या साहेबाचा शेरा इंग्रजीत. या दोन भाषांच्या मधल्या जागेत कारकून बसत असे. इंग्रजी वाचता येणे याचा त्या काळचा अर्थ यावरून ठरला : जे इंग्रजीत आहे ते मराठीत आणणे आणि जे मराठीत आहे ते इंग्रजीत नेणे. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या अनेक पिढ्या पोसल्या, त्या याच अर्थाच्या आश्रयाने. आधी शब्द, मग नियम, मग दोन्ही दिशांनी वाक्यांचे भाषांतर. आज या पद्धतीला नाके मुरडली जातात. तरी एक गोष्ट तिच्या पदरी घातली पाहिजे. अर्थ कळल्यावाचून भाषांतर होत नाही. टिंबळ्याच्या उताऱ्याचे भाषांतर करा म्हटले असते, तर आपले अज्ञान पहिल्याच ओळीत उघडे पडले असते.

बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत बापूजी हरी शिंदे नावाचे हेडक्लार्क होते. सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. १८७१ साली त्यांनी 'हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्हज' हे पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे कचेरीतली इंग्रजी त्यांनी कचेरीपुरती ठेवली नाही, शिकलेल्या देशबांधवांना चार गोष्टी सुनावण्यासाठी ती वापरली. गावात मुलींची शाळा नव्हती, म्हणून मुलीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. ती मुलगी म्हणजे ताराबाई शिंदे.

१८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली आणि नंतर ती काळ्या पाण्याच्या शिक्षेत बदलली गेली. या निमित्ताने 'पुणेवैभव' पत्रातून स्त्रीजातीवर ताशेरे ओढले गेले. ते वाचून बुलढाण्यातील या स्त्रीने 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात तिच्या पाचशे प्रती छापल्या गेल्या, किंमत नऊ आणे. पुस्तकावर टीका झाली, आणि जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून लेखिकेची बाजू घेतली. ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. हे पुस्तकही जवळजवळ विसरले गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा महाराष्ट्राला त्याची ओळख नव्याने झाली.

वाचनाच्या इतिहासात आम्ही या पुस्तकाला मानाचे स्थान देऊ. वर्तमानपत्रातला मजकूर हा एक उतारा होता. त्यात काय म्हटले आहे, हे ताराबाईंना कळले. पण त्या तेथे थांबल्या नाहीत. यात काय गृहीत धरले आहे, कोणता दोष कोणाच्या माथी मारला आहे, हेच माप पुरुषाला का लावले जात नाही, असे प्रश्न त्यांनी त्या मजकुराला घातले आणि मग उत्तर दिले. 'उत्तर' या शब्दाचे दोन अर्थ मराठीत आहेत. एक प्रश्नपत्रिकेतले उत्तर आणि दुसरे प्रत्युत्तर. आकलनाचा पूर्ण अर्थ या दुसऱ्या उत्तरात आहे. आणि हेही ध्यानात घ्यावे की ज्या मजकुराला त्यांनी प्रत्युत्तर दिले तो मराठी होता. तीन भाषा ज्या घरात एकत्र नांदत होत्या त्या घरात वाचण्याची ही सवय लागली. तिचे मूळ मातृभाषेत होते.

त्याच १८८२ साली हंटर आयोगापुढे फुल्यांनी आपले निवेदन ठेवले आणि सामान्य रयतेच्या प्राथमिक शिक्षणाकडे सरकारचे लक्ष वेधले. बापूजींच्या घरात जे एका मुलीला मिळाले, ते हजारो घरांत कसे पोचवायचे, हा खरा प्रश्न होता. घरात बाप शिकवतो तेव्हा तो मुलीचा चेहरा पाहून ओळखतो की तिला कळले की नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात हे चेहरा पाहणे संपते आणि परीक्षा येते. पुढच्या शतकाची सगळी कहाणी या एका अडचणीतून निघते : दुसऱ्याला कळले आहे, हे आपल्याला कळावे कसे?

एकोणिसाव्या शतकातल्या शाळा-तपासनिसाने यावर सोपा तोडगा काढला होता. मुलाने मोठ्याने वाचायचे आणि साहेबाने ऐकायचे. उच्चार स्पष्ट असला की वाचन आले. १९१७ साली अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने या समजुतीला धक्का दिला. त्याने मुलांसमोर उतारा ठेवला, तो समोर असतानाच प्रश्न विचारले आणि त्यांच्या चुका तपासल्या. वाचन ही विचार करण्याचीच क्रिया आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. उताऱ्यातला एखादा शब्द मुलाच्या मनात अवाजवी मोठा होतो आणि बाकीचे शब्द त्याच्या सावलीत नाहीसे होतात. मग मूल त्या एका शब्दावरून उत्तर देते. उतारा आणि प्रश्न ही जोडी येथे निदानासाठी वापरली होती. मूल कोठे अडखळते हे पाहण्याचे ते साधन होते. परीक्षामंडळांनी हे साधन उचलले, त्यातून गुण काढले आणि निदान मात्र सोडून दिले.

भारतापुरता यावर सर्वांत मूलगामी विचार ढाक्क्यात झाला. तेथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली द्विभाषिकतेवरचे आपले पुस्तक लिहिले. बंगाली मुलाला इंग्रजी बोलण्याची गरज क्वचित पडते, वाचण्याची मात्र पडते. म्हणून आधी वाचन शिकवावे, असे त्यांनी मांडले. त्यांनी विम्याच्या धंद्यातली एक कल्पना शिक्षणात आणली. पॉलिसी मध्येच सोडली तर हातात काही रक्कम पडते, तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. तसे, जो मुलगा शाळा अर्ध्यावर सोडतो त्याच्या हातात काय उरते? व्याकरणाचे अर्धे नियम आणि संभाषणाची पाच वाक्ये यांचे मोल शून्य. पण साधे पुस्तक वाचता येत असेल, तर तो शाळेबाहेरही शिकत राहील. वेस्ट यांनी यासाठी मोजक्या शब्दांची, नवा शब्द हळूहळू आणणारी वाचनमाला तयार केली.

स्वातंत्र्यानंतर वारे निराळ्या दिशेने वाहिले. हैदराबादेस १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली आणि स्ट्रक्चरल पद्धतीचा बोलबाला सुरू झाला. वाक्यांचे साचे ठरवायचे, ते तोंडी घोटून घ्यायचे, वाचन नंतर. वर्गात मातृभाषेचा वापर शक्य तितका टाळायचा. बुलढाणा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. मुंबई राज्याने स्वातंत्र्याच्या सुमारास इंग्रजी आठवीपर्यंत मागे ढकलली होती. पुढे ती पाचवीवर आली. १९६६ साली राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ आले, १९६७ साली बालभारती आली. शाळा खेड्यापाड्यांत पोचल्या. फुल्यांनी मागितले होते त्याचा बराच भाग प्रत्यक्षात उतरला, आणि ही गोष्ट लहान नाही.

मात्र कागदावरची पद्धत आणि वर्गातली रीत यांत अंतर राहिले. कागदावर इंग्रजीतून इंग्रजी शिकवायची होती. वर्गात गुरुजी धडा वाचत, वाक्यागणिक मराठी सांगत आणि आम्ही पुस्तकातल्या शब्दांच्या डोक्यावर शिसपेन्सिलीने अर्थ लिहीत असू. धड्याखालच्या स्वाध्यायाची उत्तरे फळ्यावर येत, वहीत उतरत आणि परीक्षेत तशीच बाहेर पडत. भाषांतर पद्धतीचा अधिकृत शेवट झाला होता, पण ती लपून जगत होती. आणि लपून जगल्यामुळे तिचा उत्तम भाग, म्हणजे मुलाने स्वतः भाषांतर करण्याची कसोटी, नाहीसा झाला. गुरुजींचे भाषांतर उरले, मुलाचे गेले. उताऱ्यावरचे प्रश्न तेवढे मुलाच्या वाट्याला आले आणि त्यासाठी ओळ शोधण्याचे कसब पुरेसे होते.

या कसबाची दुसरी बाजू सांगितली नाही तर आमच्याकडून अन्याय होईल. घरात पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेल्या मुलासाठी इंग्रजी हा दहावीचा सर्वांत उंच उंबरठा होता. उताऱ्यातली ओळ उचलून मिळणाऱ्या चार-सहा गुणांनी अनेकांना तो ओलांडू दिला. जिल्ह्यात घरची बोली वऱ्हाडी, पाठ्यपुस्तकाची मराठी निराळी. उर्दू माध्यमाच्या शाळांतील मुलांची वाट आणखी वेगळी. जळगाव जामोदच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली बोलणारे लोक आहेत. या भाषेचे नाते जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी निश्चितपणे जोडता आलेले नाही. त्या घरच्या मुलाला प्रमाण मराठीच परकी, मग इंग्रजी ही कितवी पायरी? अशा मुलांपुढे 'गृहीतकांचा परामर्श घ्या' असा प्रश्न ठेवणारा परीक्षक न्यायी ठरला नसता. सोप्या प्रश्नामागे करुणा होती. पण त्या करुणेने मुलाला दहावीच्या पलीकडे सोडले आणि तेथे ती त्याच्याबरोबर गेली नाही.

कारण पलीकडे अकरावी आहे. विज्ञान शाखा घेतली की भौतिकी, रसायन, जीवशास्त्र ही सारी पुस्तके एका उन्हाळ्यात इंग्रजी होतात. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान उत्तम समजलेली मुलगी तेथे पहिल्या पानावर थबकते. पानाखाली प्रश्न नसतात, त्यामुळे शोधायची ओळ नसते. सगळे पान कळावे लागते. कित्येक मुले येथे शाखा बदलतात आणि आपल्याला विज्ञान जमत नाही असे म्हणू लागतात. जमत नव्हते ते वाचन, आणि ते न जमण्यात त्यांचा दोष थोडाच होता. वेस्ट यांचा प्रश्न येथे पुन्हा समोर येतो : दहा वर्षांच्या हप्त्यांनंतर हातात काय पडले?

२००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. पुढच्याच वर्षी चीनने प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी आणण्याचे ठरवले. दोन्हीकडे विचार एकच होता, की लवकर आरंभ केला की भाषा पक्की होईल. चीनमध्ये इंग्रजांचे राज्य नव्हते, कचेरीत इंग्रजी नव्हती, बापूजी हरींसारखा कारकूनही नव्हता. तरीही १९७७ साली पुन्हा सुरू झालेल्या तेथील महाविद्यालय प्रवेशपरीक्षेत इंग्रजीचे उतारे आले, त्यांखाली पर्याय आले, आणि योग्य पर्याय हेरण्याची शिकवणीही आली. म्हणजे आमच्या दुखण्याला केवळ मेकॉलेला जबाबदार धरून चालणार नाही. जेथे लाखो मुलांना एका मापाने मोजायचे असते, तेथे आकलनाचे रूपांतर हेरण्यात होते. हा मोठ्या संख्येचा धर्म आहे.

लवकर आरंभाचे फळ काय? ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन पाहणी करणाऱ्या 'असर'च्या अहवालानुसार आठवीतल्या मुलांपैकी सोपी इंग्रजी वाक्ये वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २००९ साली ६०.२ टक्के होते, ते २०१६ साली ४५.२ टक्क्यांवर आले. २०२३ साली देशातल्या निवडक जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी झाली. त्यांत ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली आणि अशा मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे दहांपैकी जेमतेम चार. या पाहणीची एक रीत आम्हांला फार मोलाची वाटते. ती वाचणे आणि अर्थ सांगणे यांची वेगवेगळी नोंद करते, आणि अर्थ मुलाने स्वतःच्या भाषेत सांगितला तरी चालतो. तपासनीस साहेबाने एकत्र करून टाकलेल्या या दोन गोष्टी तिने पुन्हा वेगळ्या केल्या.

गेल्या दशकात मंडळाने प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आणली. उताऱ्याखाली आता एक प्रश्न मुलाचे स्वतःचे मत विचारतो. हा बदल स्वागतार्ह आहे. ताराबाईंच्या उत्तराला प्रथमच कागदावर दोन गुणांची जागा मिळाली. परंतु मत द्यायचे ते इंग्रजीत, आणि इंग्रजीत वाक्य सुचत नसेल तर मतही सुचत नाही. मग कोणत्याही विषयाला लागू पडेल असे तयार मत पाठ केले जाते. मुलाला मत नसते असे नाही. वऱ्हाडीत विचारून पाहावे, ऐकता ऐकता तास संपेल.

यावर उपाय नव्याने शोधावा लागेल असे आम्हांला वाटत नाही. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांत एक प्रयोग केला, तो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून त्यांनी मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे अशा गोष्टी ठेवल्या आणि त्यांवर विचार करायला लावला. अमुक वाजता पोचायचे तर कोणती गाडी धरावी? हे उत्तर कागदावर कोठेही छापलेले नसते. दोन ठिकाणची माहिती जोडावी लागते. जलंब जंक्शनवर उतरून खामगावला जाणाऱ्या मुलाला हा विचार परका नाही. फक्त तो इंग्रजी कागदावर करायचा आहे. आणि करताना तो आपसांत मराठीत बोलला तर बिघडले काय? अर्थ जेथे लागतो ती जागा मातृभाषेची आहे. पूर्वीच्या भाषांतरकारांनी या जागेला सगळे घर देऊन टाकले आणि नंतरच्या सुधारकांनी तिचे दारच लावून घेतले. दोन्ही टोकांनी वाचणारे मूल उपाशी राहिले.

आमची मागणी अगदी लहान आहे. इंग्रजीच्या तासाला महिन्यातून एकदा असा उतारा वर्गात यावा, की जो मुलांच्या परिचयाच्या जगाविषयी आहे, आणि त्याखाली निदान एक प्रश्न असा असावा, की ज्याचे उत्तर उताऱ्यात नाही. उत्तर आधी आपल्या भाषेत द्यावे, वाद घालावा, आणि मग जमेल तेवढे इंग्रजीत आणावे. अशा उताऱ्यांची बुलढाण्यात वाण नाही. लोणारचे विवर उल्कापाताने झाले याचे भक्कम पुरावे मांडणारा लेख १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला, तो इंग्रजीत. २०२० साली लोणारचे पाणी गुलाबी झाले आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला; त्यासंबंधीचे बहुतेक शास्त्रीय लेखनही इंग्रजीतच आहे. आपल्या तळ्याविषयी जगाने काय लिहिले आहे, हे तळ्याकाठच्या मुलीला वाचता येऊ नये, यापरते इंग्रजी शिक्षणाचे अपयश ते कोणते?

आणि दुसरा उतारा ताराबाईंचा. रोझलिंड ओहॅन्लन यांनी 'स्त्रीपुरुषतुलने'चा इंग्रजी अनुवाद केला, तो १९९४ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला, आणि आज तो देशोदेशींच्या विद्यापीठांत वाचला जातो. बुलढाण्याच्या नववी-दहावीतल्या मुलींसमोर त्यातले एक पान आणि शेजारी मूळ मराठी पान ठेवावे. दोन्ही वाचून अनुवादात काय उतरले आणि काय निसटले, हे त्यांनाच ठरवू द्यावे. हा अधिकार विलायतेतल्या प्राध्यापकापेक्षा त्यांना अधिक आहे, कारण ती भाषा त्यांच्या आजीची आहे. ताराबाई ज्यांच्याशी भांडल्या त्यांतले आज काय उरले आहे, हे त्यांना विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ओळीत सापडणार नाही, आणि त्या मुली ते दिल्यावाचून राहणार नाहीत, अशी आमची खात्री आहे.